लाकडी बैल आणि कागदी विमान

श्रावणी अमावास्येस पोळा होतो आणि दुसरे दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर प्रांतात मुलांचा तान्हा पोळा भरतो. गोमंतकातील आमच्या वाचकांस हा सण अपरिचित आहे, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. या दिवशी चाके लावलेले लाकडी बैल घेऊन लहान मुले मारुतीच्या देवळापुढे किंवा चौकात रांगेने उभी राहतात. बैलाला झूल असते, शिंगांना बेगड असते, गळ्यात घुंगुरमाळ असते. पूजा झाली की तोच बैल ओढीत मुले घरोघर जातात आणि वडीलधाऱ्यांकडून बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मिळवतात. या सणाचे जनकत्व परंपरेने नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडे जाते. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी होती. खऱ्या बैलांच्या पोळ्यात मुलांना वाव नाही, तर त्यांना त्यांच्या उंचीचा बैल द्यावा, ही त्यामागची कल्पना आम्हांस फार सुंदर वाटते.

पांढुर्णा आणि सौसर ही गावे याच भोसलेशाही मुलखातली. सातपुड्याच्या घाटाखालचा हा कापसाचा व संत्र्यांचा मराठी प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. घरची भाषा मराठी, कचेरीची हिंदी, अशी ही दुहेरी राहणी आहे. मराठी आणि कोंकणी दोन्ही वाचणाऱ्या आमच्या मंडळींस ती समजावून सांगण्याची गरज नाही.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे खोड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका तीरावर पांढुर्ण्याचे तरुण, दुसऱ्या तीरावर सावरगावचे, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या देवळात नेतात. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदीत दोघांवर दगड पडले, अशी तिची दंतकथा आहे. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. डोके फुटणे, डोळा जाणे हे नित्याचे आहे, आणि जीवही गेले आहेत. सरकारने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि दगड चालू राहिले. या प्रथेची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. दोन्ही गावांची माणसे त्या दिवशी चंडीमातेला नमस्कार करूनच नदीत उतरतात, आणि जखमेवर तिचाच अंगारा लावतात.

परंतु एका गोष्टीकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. एकाच तिथीला एकाच गावात लहान भावाच्या हातात सुताराने घडवलेला बैल असतो आणि थोरल्याच्या हातात दगड. आठव्या-नवव्या वर्षी मुलाला लाकडी बैल ओढण्याची लाज वाटू लागते. मग त्याच्या हाताला पुढचे काम कोणी दिलेले नसते.

हाच प्रश्न एकदा ग्लासगो शहरात पडला होता. तेथील फ्री चर्चच्या मिशनमध्ये रविवारच्या शाळेत शिकवणारे विल्यम अलेक्झांडर स्मिथ यांच्या असे ध्यानात आले की, बारा-तेरा वर्षांची मुले वर्गात दंगा करतात आणि थोड्याच दिवसांत येईनाशी होतात. स्मिथ स्वयंसेवक पलटणीतले होते. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्यांनी ‘बॉईज ब्रिगेड’ काढली. कवायत, खेळ आणि शिस्त यांच्या आधाराने मुलांना चर्चच्या छायेत ठेवावयाचे, ही त्यांची युक्ती. पुढे अशा मंडळांतून हस्तकलेचे वर्ग आले, आणि चर्चच्या सभागृहांत छोटी विमाने बनवणारी मंडळेही निघाली. बंद सभागृहात वारा नसतो, म्हणून कागदाची अतिशय हलकी विमाने तेथे उत्तम तरंगतात.

हे फ्री चर्च आपल्याला परके नाही. त्याच चर्चचे स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली नागपुरात शाळा काढली, आणि ग्लासगोत ब्रिगेड निघाली त्याच १८८३ साली नागपुरास त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. त्या संस्थांच्या धर्मप्रचाराविषयी आपल्या मंडळींची मते काय आहेत, हे आम्ही जाणतो. तरीही मुले का निघून जातात, हा प्रश्न त्यांनी विचारला. आपल्या देवस्थान समित्यांच्या सभेत तो क्वचितच विषयपत्रिकेवर येतो.

विमानाच्या जन्मकथेतही एका धर्मगुरूचा हात आहे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत पिळलेल्या रबराच्या जोरावर एक लहानसे विमान ११ सेकंद उडवले. ते सुमारे ४० मीटर गेले. त्यांच्याच धर्तीचे बूच, बांबू व कागद यांचे एक उडते खेळणे अमेरिकेतील बिशप मिल्टन राइट यांनी १८७८ साली आपल्या मुलांसाठी घरी आणले. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा, ऑर्व्हिल ७ वर्षांचा. खेळणे लवकरच मोडले. पण मुलांनी त्याच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला, आणि आकार वाढवला की ते उडत नाही, असे त्यांना आढळले. तो पेच सुटायला पंचवीस वर्षे लागली: १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे झाले. वडिलांना मान देऊन हे बंधू रविवारी विमान उडवीत नसत. १९१० साली ८१ वर्षांचे बिशप स्वतः ऑर्व्हिलच्या शेजारी बसून वर गेले आणि आणखी उंच जाण्याचा आग्रह धरू लागले, असे सांगतात.

येथे कोणी शिवकर बापूजी तळपदे यांची आठवण देईल. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यविरहित विमान उडवले, ही कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, तो ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच विद्वानांनी १९७४ साली दाखवून दिले. अभिमानाला असा कच्चा आधार देण्यापेक्षा दहा मुलांना दहा विमाने करावयास लावणे अधिक बरे.

त्यास लागते तरी काय? बांबूच्या सोललेल्या काड्या, पतंगाचा कागद, खळ, रबराची वादी आणि एक कोरलेला पंखा. नरकासुराच्या रात्री आमचे गोमंतकीय तरुण बांबू-कागदाचेच राक्षस उभारतात, सामग्री तीच. फरक इतकाच की, नरकासुर कसाही झाला तरी जळतो, विमान कसेही करून उडत नाही. शेपूट जड झाली की नाक वर उचलते आणि ते धपकन खाली बसते. नाक जड झाले की जमिनीत शिरते. मुलगा प्रथम वाऱ्याला दोष देतो. मग नाकाला चिमूटभर ओली माती लावून पाहतो, थोडी काढतो, पुन्हा सोडतो. विसाव्या खेपेस ते सरळ जाते. हे विसाव्या खेपेपर्यंत थांबणे कवायतीने येत नाही, व्याख्यानाने तर नाहीच. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत छोटी विमाने बनवण्याचे शिक्षण आजही देतात. पण ती शाखा मोजक्या शाळा-महाविद्यालयांत आहे, आणि मारुतीचे देऊळ गावोगाव आहे.

मंडळ चालवण्यात खरी अडचण पैशाची नसते. आठवड्याचा ठरलेला वार न चुकवणारा एक प्रौढ माणूस लागतो. मुलाचे मोडलेले विमान स्वतः दुरुस्त करून देण्याचा मोह त्याने आवरला पाहिजे. बैल घडवणारा सुतार तर गावात आहेच. बैलाची चाके तासणारी पटाशी पंखाही कोरते. सभामंडपात वारा नसतो. सौसर तालुक्यात जामसावळीला निजलेल्या मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. वायुपुत्राच्या आवारात कागदाचे विमान उडाले तर ते त्याला खपणार नाही, असे आम्हांस वाटत नाही.

गोटमार एका वर्षात थांबेल, असे आम्ही म्हणत नाही. पण पुढल्या प्रतिपदेस लाकडी बैलांच्या रांगेच्या शेवटी बारा-चौदा वर्षांची दहा मुले आपापली विमाने हातात धरून उभी राहिली, तर त्यांना बोजारा घालावयास आम्ही पांढुर्ण्यास जरूर येऊ.