वृद्धांसाठी हृदयौषधाच्या मात्रेचे पूर्वानुमान : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : मसुरे)

प्रस्तावना

मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव भरतगड किल्ल्यामुळे व आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेमुळे सर्वपरिचित आहे. जत्रेला येणाऱ्या चाकरमान्यांची वाट पाहणारी वृद्ध माणसे, हे या परिसराचे दुसरे चित्र होय. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ८,६८,८२५ वरून २०११ मध्ये ८,४९,६५१ पर्यंत घटली. एकट्या राहणाऱ्या वृद्धेस औषधाची बाधा झाल्यास ती लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मात्रा आधीच नेमकी ठरविणे आवश्यक ठरते. हे पूर्वानुमान कसे विकसित झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन

इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिसवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मळमळ, दृष्टिदोष, मंद नाडी ही बाधेची लक्षणे त्यांनी नोंदविली. त्या काळी योग्य मात्रा बाधेच्या उंबरठ्यावर पोहोचल्यावरच कळत असे. १९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी डिगॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. भारतात सर्पगंधेचा प्रवासही असाच झाला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला व १९५२ मध्ये तिच्यातील रिसर्पिन वेगळे करण्यात आले. औषधाचे वजन अशा रीतीने अचूक झाले; रुग्णाच्या शरीराचे मोजमाप मात्र शिल्लक राहिले.

डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. १९७६ मध्ये कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी वय, वजन व रक्तातील क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याचे सूत्र मांडले : १४० मधून वय वजा करावे, त्यास वजनाने गुणावे व ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागावे; स्त्रियांसाठी उत्तर १५ टक्क्यांनी कमी करावे. क्रिएटिनिन १ असलेल्या, ४० वर्षांच्या व ६० किलो वजनाच्या पुरुषाचे उत्तर मिनिटास सुमारे ८३ मिलिलिटर येते. तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या, ८० वर्षांच्या व ४२ किलो वजनाच्या वृद्धेचे उत्तर सुमारे ३० येते. रक्ततपासणीचा आकडा एकच असूनही औषध बाहेर टाकण्याची शक्ती निम्म्याहूनही कमी भरते.

तथापि, हे सूत्र २४९ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले असून त्यांतील बहुसंख्य पुरुष होते. स्त्रियांसाठीची १५ टक्के घट हे गृहीतक होते. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आढळल्या, ही बाब येथे लक्षणीय आहे. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीच्या निकषांनुसार वृद्धांत डिगॉक्सिनची दैनिक मात्रा ०.१२५ मिलिग्रॅमहून अधिक टाळावी.

निष्कर्ष

मात्रेचा इतिहास हा कोणाचे शरीर मोजले गेले याचाही इतिहास आहे. सूत्र हे वैद्यकीय निर्णयाचा आरंभ होय, शेवट नव्हे. मसुऱ्यासारख्या गावात वृद्धांचे वजन व क्रिएटिनिन यांची नियमित नोंद ठेवली गेल्यास, मात्रा बाधेनंतर कमी करण्याऐवजी बाधेपूर्वीच योग्य ठरविता येईल.