ढील देणारे चाक

गेल्या हिवाळ्यात माजलगावच्या धरणावर मी नवे रीळ लावलेली काठी घेऊन गेलो आणि पहिल्याच फेकीत तंगुसाचा असा गुंता केला, की तो सोडवण्यात सगळी सकाळ गेली. शेजारी जाळे झटकत बसलेले एक भोई आजोबा बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "सर, ह्याच्यातून ढील देता येती का?"

हा प्रश्न मला दुकानात सुचायला हवा होता. लहानपणी सिंदफणेच्या डोहावर आम्ही तंगूस रिकाम्या बाटलीला गुंडाळून गळ टाकायचो. मोठा मासा लागला की बाटली हातात सैल धरून दोरा सोडायचा, मासा दमला की पुन्हा गुंडाळायचा. पतंगवाल्याला जे कळते तेच. दुकानात मात्र मी चकाकणारे, गोलाकार, सर्वांत महाग दिसणारे रीळ उचलले. ते चुकीचे का ठरले याचा शोध घेताना मी इतिहासात शिरलो.

गळाची मासेमारी हा आपल्याकडे राजाचाही विरंगुळा होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आपला हा मुलूख त्याच्याच राज्यात होता. मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे आणि ओवीच्या उल्लेखामुळे. त्यातले 'मत्स्यविनोद' हे प्रकरण मात्र फारसे कोणी उघडत नाही. नदीतले आणि समुद्रातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे माशांचे पस्तीसेक प्रकार त्यात आहेत. कोणाला काय खायला घालावे तेही सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

त्याच बाराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये मा युआन या चित्रकाराने होडीत एकटा बसलेला कोळी रंगवला. त्याच्या काठीला एक छोटे चाक आहे. रिळाचे हे सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानले जाते. इंग्लंडमध्ये काठीवरच्या चाकाची नोंद थेट 1651मध्ये, टॉमस बार्करच्या पुस्तकात येते. ही पहिली चाके साधी होती. मूठ एकदा फिरवली की दोऱ्याचा एक वेढा. बाटलीच, पण आसावर बसवलेली.

पुढची गोष्ट मला फार आवडली. रीळ सुधारणाऱ्यांनी नदीवर आपापला धंदा नेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या केंटकीत जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. त्याने घड्याळातल्यासारखी दातेरी चाके रिळात बसवली, त्यामुळे मुठीच्या एका फेऱ्यात गुंडाळी अनेकदा फिरू लागली. मी घेतले ते याच घराण्यातले. त्यात फेकताना गुंडाळी स्वतः फिरते. आमिष जड असेल तर ते तिला ओढत नेते. हलके असेल तर सुरुवातीच्या झटक्यानंतर आमिष मंदावते, गुंडाळी मात्र वेगात फिरतच राहते आणि मागे दोऱ्याचे घरटे होते. अंगठ्याने तिला आवरावे लागते. माझ्या गळाला कणकेची गोळी होती. तिचे वजन ते किती!

दुसऱ्या घराण्याचा जनक घड्याळजी नव्हता, गिरणीवाला होता. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमधला लोकर-गिरणीचा मालक आल्फ्रेड इलिंगवर्थ याने 1905मध्ये पेटंट घेतले. त्याआधी 1884मध्ये स्कॉटलंडच्या पीटर मॅलॉकने फेकताना गुंडाळी आडवी वळवण्याची युक्ती काढली होती. इलिंगवर्थने ती पार स्थिर करून टाकली. घरच्या शिलाई यंत्राजवळ हे पडताळून पाहता येते. दोऱ्याचे रीळ खिळ्यावर ठेवून दोरा बाजूने ओढला तर रीळ गरगर फिरते. वरच्या टोकाकडून ओढला तर रीळ जागचे हलत नाही, वेढे आपोआप सुटत जातात. म्हणून हलके आमिषही लांब जाते. या रिळाचा दोष एवढाच, की दोऱ्याला पीळ पडतो.

तरीही निवड शेवटी माशावर ठरते. राज्यातल्या बहुतेक जलाशयांत आज कटला, रोहू, मृगल सोडलेले असतात. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरींनी प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला नसता, तर हे बीज एवढ्या प्रमाणात मिळाले नसते. रोहू-मृगलाला कणीक, पेंड चालते. तिथे इलिंगवर्थचे रीळच बरे. झुडपात दडून झडप घालणाऱ्या मरळीला जवळून, जाड दोऱ्याने ओढून काढायचे असते. तिथे घड्याळजीचे यंत्र कामाला येते. दोन्हींत आता ढील देणारा ब्रेक असतो. तो ठरावीक ताणापलीकडे दोरा आपोआप सोडतो. आजोबांनी विचारले होते ते हेच.

आपल्याकडे असे चाक का घडले नाही, हेही त्या काठावरच समजते. भोयांचे पोट गळावर नव्हे, जाळ्यावर चालले, आणि एका माशाशी तासभर झुंजण्याची चैन त्यांना कुठली? त्यातून मंजरथला गोदेला मिळणारी सिंदफणा उन्हाळ्यात डोहांपुरती उरायची. तिथे लांब फेकायचे कोणाला? हे मोठे पाणी माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत, धरणासोबत आले. त्यातल्या मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, म्हणून हौशी माणसाने आधी विचारावे. मीही विचारले होते.

महिन्याभराने स्थिर गुंडाळीचे, पहिल्यापेक्षा निम्म्या किमतीचे रीळ घेऊन मी पुन्हा गेलो. आजोबांनी काठी हातात घेतली, तंगुसाचे टोक मुठीत धरून जोरात ओढले. रीळ कर्रर्र करत दोरा सोडू लागले. "आता हाय," एवढेच म्हणून ते जाळ्याकडे वळले.