काडतुसाच्या परीक्षेची कुळकथा

चाकणजवळच्या कुरुळीच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये क्यूसीच्या टेबलावर प्लग गेज असतंच. एक टोक ‘गो’, दुसरं ‘नो-गो’. गो भोकात शिरलं पाहिजे, नो-गो शिरता कामा नये. चाकणच्या मोटारींचे सुटे भाग पास-नापास करणारी ही रीत मोटारीपेक्षा बरीच जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑनोरे ब्लांक हा फ्रेंच कारागीर मस्केटच्या चापाचे भाग गेज लावून घडवत होता. कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीत बसावा, हा त्याचा ध्यास. पुढे अमेरिकेच्या सरकारी शस्त्रकारखान्यांनी या रीतीला शिस्त लावली. म्हणजे गेजचं कूळ बंदुकीचं. त्याच कुळाची एक शाखा कुरुळीहून मोशी-भोसरीमार्गे पुण्याकडे जाताना लागणाऱ्या खडकीत आहे.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याआधी तीनच वर्षं एडवर्ड बॉक्सर यांचं पितळी काडतूस ब्रिटिश सैन्यात आलं होतं. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. इथल्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं असतात, किर्की फॅक्टरीची. उत्तरेकडच्या न्यायालयांच्या निकालपत्रांत ‘८ एमएम के एफ’ हे शब्द वारंवार भेटतात. त्या अक्षरांनी केवढा मुलूख पालथा घातला आहे!

काडतुसाच्या तपासणीत एक मूळचीच अडचण आहे. बेअरिंग तपासून पुन्हा डब्यात ठेवता येतं. काडतूस चालतं की नाही हे फोडूनच कळतं, आणि फोडलं की ते संपलं. म्हणून भरवसा ठेवायचा तो त्याच्या भावंडांवर: त्याच पितळेच्या, त्याच दारूच्या, त्याच यंत्रांवरून उतरलेल्या लॉटवर.

न फोडता जेवढं बघता येतं तेवढं आधी बघतात. उदाहरणार्थ, रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी कड असते, ती सिलिंडरच्या मागच्या बाजूला टेकते आणि काडतूस जागेवर राहतं. कड जाड झाली तर सिलिंडर फिरताना अडतो. फार पातळ झाली तर काडतूस मागेपुढे हलतं आणि घोड्याचा ठोका हलका पडतो. ठिणगी देणारी टोपी (प्राइमर) बुडाच्या पातळीच्या वर आली असेल तरीही सिलिंडर अडतोच. मग काही नमुने घेऊन गोळी पितळी नळीतून ओढून काढायला किती जोर लागतो ते मोजतात. रिव्हॉल्वरसाठी ही चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. पहिला बार झाला की त्याचा धक्का सिलिंडरमधल्या उरलेल्या पाचही काडतुसांना बसतो. सैल बसलेली गोळी त्या धक्क्याने पुढे सरकते, सिलिंडरबाहेर डोकावते आणि हत्यार नेमकं नको त्या क्षणी जाम होतं.

टोपीची परीक्षा वेगळी. ठरलेल्या वजनाचा पोलादी गोळा ठरलेल्या उंचीवरून टोपीवरच्या पिनेवर सोडायचा. वरच्या उंचीवरून प्रत्येक टोपी उडालीच पाहिजे, खालच्या उंचीवरून एकही उडता कामा नये. पहिली अट फुसक्या बाराविरुद्ध, दुसरी हाताळताना होणाऱ्या अपघाताविरुद्ध.

गोळीचा वेग मोजण्याची विद्या मात्र तोफांच्या शास्त्राकडून आली. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ च्या ग्रंथात लंबकाची युक्ती मांडली: लाकडी लंबकावर गोळी झाडायची आणि तो किती झुलला यावरून वेग काढायचा. हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंते म्हणून हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारले. एकोणिसाव्या शतकात बेल्जियन अधिकारी ल बुलांजे यांनी विजेला कामाला लावलं. गोळीने पहिली तार तोडली की विद्युतचुंबकाला लटकलेली लांब कांडी सुटते. दुसरी तार तुटली की आखूड कांडी पडते आणि एक पातं सुटून पडत्या लांब कांडीवर खूण उमटवतं. खूण जितकी वर, तितका वेळ जास्त. इतकी स्वच्छ बुद्धी यंत्रात क्वचितच दिसते. दाबासाठी अँड्र्यू नोबल यांनी तांब्याचा छोटा दंडगोल वापरला. बार झाल्यावर तो किती चेपला ते मोजलं की बंदुकीच्या नळीतला दाब कळतो. आता पिझो सेन्सर आणि प्रकाशाचे पडदे आले आहेत, पण प्रश्न तेच आहेत.

लॉटमधली किती काडतुसं खर्ची घालायची? कमी फोडली तर वाईट लॉट निसटतो, जास्त फोडली तर कारखाना स्वतःसाठीच माल काढू लागतो. याचं गणित अमेरिकेच्या बेल कंपनीतले हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी १९२० च्या दशकात टेलिफोनच्या भागांसाठी मांडायला घेतलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या शस्त्रखात्याने त्या धर्तीचे तक्ते वापरले, १९५० मध्ये त्यांचं लष्करी मानक झालं आणि आपलं आयएस २५०० त्याच वंशातलं. कुरुळीचा पुरवठादार ‘एक्यूएल’चा, म्हणजे स्वीकार्य दर्जाच्या मर्यादेचा, तक्ता उघडतो तेव्हा दारूगोळ्यासाठी घासूनपुसून घेतलेलंच गणित वापरत असतो.

म्हणून डब्यावरच्या लॉट क्रमांकाला मी फार मानतो. काडतुसं सुटी करून दुसऱ्या डब्यात ओतली की त्यांच्यासाठी ज्या भावंडांनी परीक्षा दिली त्यांच्याशी नातं तुटतं. मग एखादं फुसकं निघालं तर बाकीच्यांपैकी कोणती बाजूला काढायची, हे कुणालाच सांगता येत नाही. शस्त्र परवानाधारकाने आणि पोलीस कोठारातल्या हवालदारानेही मूळ डबा आणि त्यावरचा क्रमांक शेवटचं काडतूस संपेपर्यंत जपायला हवा.