बंदूक कुणाची, खांदा कुणाचा? कादंबरीकार सावरकर आणि दुसरं महायुद्ध

सावरकर म्हटलं की नागपुरात दोन मिनिटांत दोन तट पडतात. म्हणून आज एकच कोडं घेते. ‘काळे पाणी’ लिहिणारा माणूस इंग्रजांच्याच फौजेत भरती व्हा, असं का सांगू लागला?

ते स्वतः १९११ ते १९२१ अंदमानात होते. १९३७ मध्ये रत्नागिरीची स्थानबद्धता संपली आणि त्याच वर्षी ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. १९३८ च्या मुंबई साहित्य संमेलनात, अध्यक्षपदावरून, त्यांनी लेखकांनाच लेखणी टाकून बंदूक घ्यायला सांगितलं. डिसेंबरात महासभेचं अधिवेशन आपल्या नागपुरात भरलं. पुढच्या सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि ऑक्टोबरात ते व्हाइसरॉय लिनलिथगोंना भेटले.

हिशेब सरळ होता. इंग्रजांना माणसं हवीत, आपल्याला शस्त्रशिक्षण. नागपूरचे डॉ. मुंजे हेच आधीपासून म्हणत होते. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल त्यांचीच. युद्धात भारतीय सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेलं.

मग आला ऑगस्ट १९४२. इकडे चिमूर-आष्टीत लोक गोळ्या झेलत होते आणि सावरकर महासभेच्या लोकांना सांगत होते, आपापली पदं सोडू नका. सिंधमध्ये तर महासभेचे मंत्री मुस्लिम लीगच्या मंत्रिमंडळात बसले. १९४३ मध्ये तिथल्या विधिमंडळात पाकिस्तानचा ठराव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला, पण खुर्ची धरून ठेवली.

याला रूढीवाद म्हणावं का? रत्नागिरीत पतितपावन मंदिर सगळ्या जातींना खुलं करणाऱ्याला ते लेबल चिकटत नाही. माझ्या मते त्यांचा सनातनीपणा धर्मात नाही, राजकारणात आहे: रस्त्यावरच्या गर्दीवर अविश्वास, फौज, पद, राज्ययंत्रणा यांवर मात्र पूर्ण भरवसा. कादंबरीतही ते दिसतं. पार्श्वभूमी इंग्रजांच्या तुरुंगाची, पण खलनायक कोण, तर रफिउद्दीन नावाचा गुन्हेगार! शत्रू कोण, हे तिथे आधीच ठरलंय.

समर्थक १९४६ च्या नाविकांच्या बंडाकडे बोट दाखवतात: बघा, शिकलेली बंदूक शेवटी उलटलीच ना! मुद्दा अगदीच पोकळ नाही. फक्त त्या जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र लागले होते. महासभेचा त्यांत नव्हता.