गिअरबॉक्स उतरवण्याआधी

गिअर कडक पडतोय अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजात आली, की जाणता मिस्त्री आधी इंजिन बंद करायला लावतो आणि एकेक गिअर टाकून पाहतो. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडले आणि चालू केल्यावर अडले, तर संशय क्लचवर. दोन्ही वेळा सारखेच कडक असले, तर लिव्हरपासून बॉक्सपर्यंतची जोडणी, तिचे झिजलेले बुश, केबल आणि त्यानंतर गिअर ऑइल. चालत्या गाडीत एखादाच गिअर करकरत असेल, तेव्हा कुठे आतल्या पितळी रिंगेचा विचार. हा क्रम आज इतका अंगवळणी पडला आहे, की त्यालाही इतिहास आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझे म्हणणे असे, की ही तपासणी म्हणजे गेल्या चाळीसेक वर्षांत घडलेली विद्या आहे. त्याआधी कडक गिअर हा बहुतांशी चालकाचा कच्चेपणा समजला जाई. दोष माणसाकडून यंत्राच्या भागाकडे सरकला, तेव्हाच तो शोधण्याचे शास्त्र तयार झाले. नगर जिल्ह्यातल्या कोपरगावसारख्या गावात हा बदल जसा उमगतो तसा मुंबईत उमगणार नाही, कारण इथे जुनी आणि नवी यंत्रे बराच काळ एकाच रस्त्यावर धावली.

गोदावरीच्या कालव्यांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा अवर्षणाचा मुलूख ऊस पिकवू लागला. १९३९ मध्ये करमशी जेठाभाई सोमय्या यांनी गोदावरी शुगर मिल्स काढली आणि तालुक्यात साकरवाडी वसली. १९५० च्या अखेरीला शेजारी प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे यांच्या नेतृत्वाखाली कोपरगावचेही दोन सहकारी कारखाने नावारूपाला आले. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला जितका उशीर, तितका साखरेचा उतारा कमी, म्हणून हंगामात वाहन उभे राहणे म्हणजे थेट नुकसान. त्यात नगर-मनमाड रस्ता गावाला लागूनच. दक्षिणेकडून येऊन मनमाडमार्गे आग्रा रस्त्याला लागणारे ट्रक इथूनच जात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला सुटली, म्हणजे एसटीचा आरंभही याच जिल्ह्यातला. शिर्डी हाकेच्या अंतरावर असल्याने भाविकांच्या मोटारी बारमाही. ट्रक, ट्रॅक्टर, जीप आणि मोटार यांची अशी सरमिसळ फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आली असेल.

या वाहनांचे गिअरबॉक्स हाच माझा मुख्य पुरावा. महिंद्राच्या जुन्या जीपला पुढचे तीन गिअर, आणि त्यांतला पहिला सिंक्रोमेशशिवायचा, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवणाऱ्या सोयीशिवायचा. अ‍ॅम्बॅसॅडर आणि फियाट ११०० यांच्या सुरुवातीच्या गाड्यांतही पहिल्या गिअरची तीच गत. सिंक्रोमेश जगाला नवे नव्हते, अमेरिकेत कॅडिलॅकने ते १९२८ मध्येच आणले होते. पण आपल्याकडे ते हप्त्याहप्त्याने आले, आणि जुन्या ट्रकांपर्यंत तर फारच उशिरा. त्या ट्रकांचा चालक डबल क्लच मारी: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरची हलकी थाप, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. फिरत्या दात्यांचा वेग जुळला तर गिअर निमूट बसे, नाहीतर अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी करकर. अशा गाडीत गिअर अडला तर पहिला प्रश्न गाडी कोण चालवत होते हाच. मिस्त्रीकडे ती जाई ती दाते तुटल्यावर, म्हणजे निदान करण्यासारखे काही उरलेले नसताना.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि प्रश्नच बदलला. पुढच्या चारही गिअरांना सिंक्रोमेश. गिअरच्या उतरत्या कडेवर बसणारी पितळी रिंग, तिच्या आतल्या बाजूला बारीक चऱ्या. लिव्हर ढकलला की ही रिंग कडेवर दाबली जाते, चऱ्या तेलाचा पापुद्रा बाजूला सारतात, घर्षणाने दोघांचा वेग एक होतो आणि त्यानंतरच दाते एकमेकांत शिरतात. चऱ्या गुळगुळीत झाल्या की रिंग गिअरच्या दात्यांना जास्त जवळ जाऊन बसते. नवेपणी साधारण एक मिलिमीटर असलेली ही फट निम्म्यावर आली, की रिंग संपली म्हणून समजावे. पण हे मोजायचे तर बॉक्स उतरवावा लागतो, आणि पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत त्यासाठी अ‍ॅक्सलही काढावे लागतात. उलट ताणलेली क्लच वायर काही मिनिटांत घट्ट होते. पेडलखाली सरकलेली चटई तर फुकटात निघते, आणि तेवढ्यानेही क्लच पुरता सुटत नाही. म्हणून स्वस्त कारण आधी आणि महाग कारण शेवटी, असा क्रम ठरला.

यावर कुणी म्हणेल, यात कोपरगावचे काय? हा क्रम तर कंपनीच्या पुस्तकातही आहे. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. यंत्राची घडण एकच असल्याने पुस्तक आणि गॅरेज एकाच उत्तराशी पोचणार. फरक आहे तो उत्तराशी पोचण्याच्या साधनात. रिव्हर्स गिअरचेच पाहा. मारुती ८०० सह कितीतरी गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नव्हते, म्हणजे नव्या बॉक्सात जुन्या बॉक्साचा एक तुकडा शिल्लक होता. इंजिन हळू चालू ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, आतली चक्रे थांबावीत म्हणून तीन-चार सेकंद थांबायचे आणि अलगद रिव्हर्स टाकायचा. तरीही करकर झाली, तर क्लच सुटत नाही, गिअरबॉक्साला हात लावायचे कारण नाही. ही परीक्षा कळायला बिनसिंक्रोचा गिअर कसा वागतो हे हाताला ठाऊक असावे लागते. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ पासून बनवलेल्या ट्रॅक्टरांत सरकते गिअर होते. क्लच दाबून, क्षणभर थांबून गिअर टाकायचा, हे ऊसपट्ट्यातल्या पोराला मोटारीला हात लागण्याआधीच येत असे. जुन्या यंत्राची सवय इथे नव्या यंत्राच्या निदानाला उपयोगी पडली, आणि हे पुस्तकातून आलेले नाही.

याच सरमिसळीचा तोटाही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. मागच्या डिफरन्शियलसाठी बनवलेल्या जीएल-५ दर्जाच्या तेलातली गंधकयुक्त रसायने पितळेला मानवत नाहीत, शिवाय त्या तेलाने रिंगेची पकड सुटते. जिथे एकाच कट्ट्यावर ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटार उभी असते, तिथे एकाच डब्यातले तेल सगळ्यांना जाण्याचा मोह मोठा. तेल बदलल्यानंतरच गिअर कडक झाला असेल, तर रिंग मागवण्याआधी डब्यावरचे अक्षर वाचणे हे शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोष खरेच यंत्राकडे सरकला का? पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून गाडी काढताना अर्धा क्लच दाबून ठेवणारा चालक क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग स्वतःच खातो. गिअर लिव्हरवर सतत हात टेकवणाराही आतल्या फोर्कची झीज वाढवतो. हे मान्य. पण इथे चालक झिजेला कारण होतो, त्या क्षणी अडणाऱ्या गिअरला नव्हे. डबल क्लचच्या काळात हात-पाय सुधारले की पुढचाच गिअर नीट पडे. आता चालक कितीही सुधारला तरी झिजलेली रिंग भरून येत नाही, ती शोधावीच लागते.

तपासणीचा हा क्रम आता स्कॅनर मोडीत काढेल, असेही बोलले जाते. साध्या मॅन्युअल गाडीत तसे होण्याचे कारण दिसत नाही, कारण पितळी रिंगेवर सेन्सर नसतो आणि तिच्या झिजेची नोंद कुठल्याच संगणकात होत नाही. खरा बदल २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटीने, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेने केला. त्या गाडीत बॉक्स तोच, रिंगाही त्याच, फक्त क्लच दाबणारा पाय आणि लिव्हर ढकलणारा हात यांच्या जागी यंत्र आले. गिअर अडतोय हे तिथे पहिल्यांदा कुणाच्या तळहाताला कळतच नाही, आणि इंजिन बंद करून एकेक गिअर टाकून पाहण्याची सोयही मिस्त्रीला राहत नाही.