चित्रातली जाळी

श्रोतेहो, भिंतीएवढे एक चित्र डोळ्यांपुढे आणा. उंची अकरा फुटांच्या वर. रात्रीची वेळ, किल्ल्याचा दरवाजा, कंदिलाचा उजेड. वर कमानीत लाल डगल्यातला एक सेनापती तलवार घेऊन ताठ उभा आहे. खाली माणसे एका राजाच्या निष्प्राण देहावर वाकली आहेत. तो राजा म्हणजे म्हैसूरचा टिपू सुलतान. ठिकाण श्रीरंगपट्टण, तारीख ४ मे १७९९. हे तैलचित्र सर डेव्हिड विल्की या स्कॉटिश चित्रकाराचे. ते लोकांपुढे आले १८३९ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी.

आता सेनापतीच्या पायांखाली नजर टाका. तिथे एक लोखंडी जाळी दिसेल. एवढ्या मोठ्या प्रसंगात ही जाळी कशाला, असे तुम्ही विचाराल. अहो, सगळी गोम तिथेच आहे! हा सेनापती डेव्हिड बेअर्ड, तोही स्कॉटलंडचाच. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत हैदर आणि टिपू यांनी इंग्रजांची एक फौज पार बुडवली, तेव्हा तरुण बेअर्ड जखमी होऊन कैद झाला. सुमारे साडेतीन वर्षे तो बंदिवासात होता, आणि तोही याच श्रीरंगपट्टणात. १७९९ च्या हल्ल्याचे पुढारपण त्याने आपणहून मागून घेतले. विल्कीने त्याला त्याच्याच जुन्या कोठडीच्या जाळीवर उभे केले आहे.

एक गोष्ट मात्र चित्रात नाही. किल्ला घेतला बेअर्डने. पण शहराचा कारभार लगोलग गेला त्याच्याहून कनिष्ठ अशा आर्थर वेलस्लीकडे. हा गव्हर्नर जनरलचा सख्खा भाऊ, बरे का! (१८०३ साली असईला मराठी फौजांशी लढला तो हाच.) बेअर्डला हा अपमान फार लागला. १८२९ साली तो वारला, आणि मग त्याच्या पत्नीने विल्कीकडून हे चित्र काढवून घेतले. नवऱ्याचा मान तिने असा कापडावर परत मिळवला.

म्हणून शिक्षकबंधूंनो, हे चित्र वर्गात दाखवाल तेव्हा ते कोणी काढवून घेतले, हे मुलांना आधी सांगा. विल्की हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. टिपू दरवाजापाशी लढता लढता पडला, त्याचा देह प्रेतांच्या राशीत मशालीच्या उजेडात सापडला, एवढे खरे. दुसऱ्या दिवशी त्याला गुंबजात, बाप हैदरअलीच्या शेजारी, लष्करी मानाने दफन केले. ते चित्र बेअर्डबाईंनी मागितले नव्हते.