खिलजीचा गहू आणि मामाचा कांदा

आजची गोष्ट दिल्लीची, ७०० वर्षांपूर्वीची.

सुलतान अलाउद्दीन खिलजी. मंगोलांच्या स्वाऱ्या चालू होत्या, म्हणून त्याला प्रचंड फौज हवी होती. पण एवढ्या शिपायांना मोठा पगार परवडेना. मग त्याने ठरवलं, पगार कमीच ठेवायचा आणि बाजार स्वस्त करायचा. जियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने ते दर लिहून ठेवलेत. गहू मणाला साडेसात जितल, तांदूळ पाच जितल. बरनी म्हणतो, पाऊस नाही पडला तरी भाव हलला नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला प्रश्न पडला की हे पाळलं कसं जायचं? तर बाजाराची खबर सुलतानाकडे रोज तीन वाटांनी यायची. बाजाराचा अधिकारी, बातमीदार आणि गुप्तहेर. तिघांच्या सांगण्यात फरक पडला की अधिकाऱ्याची खैर नाही. वजनात मारलं तर दुकानदाराच्या अंगाचं मांस कापायचे म्हणे!

पण नुसत्या धाकाने धान्य येत नाही. सरकारी कोठारं भरलेली होती, म्हणून सगळं चाललं. ती भरली कुठून? गंगा-यमुनेच्या दुआबातून. शेतसारा पिकाच्या निम्मा, तोही तिथे धान्यात वसूल व्हायचा. उरलेलं धान्य साठवायचं नाही, ठरलेल्या भावात व्यापाऱ्याला द्यायचं. म्हणजे दिल्लीच्या स्वस्त रोटीचं बिल दुआबचा शेतकरी भरत होता. १३१६ मध्ये अलाउद्दीन गेला आणि त्याच्यामागे ही व्यवस्थाही मोडली.

जुनी गोष्ट वाटते ना? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. हेतू हाच की देशात कांदा महागू नये. मी पुण्यात ॲपवरून कांदा मागवणारा, मला बरंच वाटलं. पण निफाडकडे माझ्या मामाची कांद्याची चाळ आहे. फोनवर तो एवढंच म्हणाला, “तुमची भाजी स्वस्त झाली ना? मग झालं.” मला पुढे बोलताच आलं नाही.

माझं मत सांगतो. टंचाईत सरकारने मध्ये पडावं, गरिबाचं ताट रिकामं राहता कामा नये. पण मग शेतकऱ्याला परवडेल त्या भावाने माल घ्या, रेशनवर स्वस्त द्या आणि मधला फरक तिजोरीतून भरा. भाव दाबला म्हणून खर्च नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी अंगावर पडतोच.

पुढच्या वेळी ‘भाव आटोक्यात’ अशी बातमी आली, तर एवढंच विचारा की फरक कोणी भरला? भेटू पुढच्या भागात!